घरच्या मसाल्याच्या नावाची किंमत काढून घेतली: इंदूरच्या एका व्हॅल्युएशन फर्मचा अनुभव

चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते पुढे लिहिलंय. इंदूरमध्ये कुणाचा घरचा धंदा असेल, नाव जुनं असेल आणि आता वाटणी, पार्टनर बाहेर पडणं किंवा कुणी बाहेरचा विकत घ्यायला आलाय असं काही चाललं असेल तर प्लीज पूर्ण वाचा, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत या विषयावर कामाचं असं काही हाताला लागलं नाही, जे होतं ते सगळं टाटा, अॅपल, कोका-कोलाबद्दल. फर्मचं नाव टाकत नाहीये, रिपोर्ट घरच्या वाटणीचा आहे आणि तो गुप्त ठेवायच्या कागदावर बाबा आणि काका दोघांच्या सह्या आहेत. ऑफिस विजयनगरला आहे एवढं सांगते.

आमचं थोडक्यात असं की रामबागेत आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं दुकान, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, आणि इंदूर म्हटल्यावर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, आलंच. बाबा आणि काका निम्मे-निम्मे भागीदार. काकांना आता झेपत नाही, चुलतभाऊ बंगळुरूला नोकरीत, त्याला दुकानात यायचं नाही, म्हणून काकांनी स्वतःहून सांगितलं की माझा हिस्सा द्या, मी मोकळा होतो. भांडण नव्हतं हे मुद्दाम सांगते. दुकानाची जागा, चक्की, पॅकिंगचं मशीन, गोडाऊनमधला माल, येणी-देणी या सगळ्याची किंमत आमच्या सीएंनी पटापट काढून दिली. गाडी अडली ती पाकिटावरच्या नावावर. काका म्हणाले लोक दुकानात येतात ते अण्णांच्या नावावर येतात आणि त्या नावात माझा अर्धा वाटा आहे. बाबा म्हणाले नाव अण्णांचं खरं, पण मी उद्यापासून मसाला कच्चा भाजला तर दोन वर्षांत त्या नावाला कोण विचारतंय, मग त्याचे पैसे मी आत्ता कुठल्या हिशेबाने देऊ? मला दोघांचंही पटत होतं, आणि म्हणूनच बाहेरचा माणूस पाहिजे होता.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, ओळखीतून. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, तीन वर्षांचे ताळेबंद उलटसुलट केले आणि विचारलं, "आकडा कितीचा पाहिजे?" बाबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, त्यांनी परत विचारलं तर साहेब म्हणाले की तुम्ही हिस्सा विकत घेणारे असाल तर कमी बसवू, विकणारे असाल तर जास्त बसवू, आणि फी म्हणजे निघालेल्या किमतीचे काही टक्के. बाबा तिथून उठलेच. नंतर मी वाचलं की रजिस्टर्ड व्हॅल्युअरसाठी, म्हणजे अशी किंमत काढून देणाऱ्या नोंदणीकृत माणसासाठी, २०१७ च्या नियमांमध्ये आचारसंहिता दिलीय आणि त्यात सोयीचं मत देऊ नये, सक्सेस फी, म्हणजे निकालावर ठरणारी फी, घेऊ नये हे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे कुणी टक्क्यावर फी सांगितली की तिथेच नमस्कार करून निघा, आकडा जितका मोठा तितकी त्यांची फी मोठी, मग तो आकडा तुमच्या काय कामाचा.

विजयनगरच्या फर्ममध्ये ज्या मॅडमनी आमचं काम केलं त्या आयबीबीआयकडे, म्हणजे व्हॅल्युअरची नोंदणी करणाऱ्या सरकारी बोर्डाकडे, रजिस्टर्ड आहेत. हे रजिस्ट्रेशन तीन प्रकारचं असतं, जमीन-इमारत, प्लांट-मशिनरी आणि सिक्युरिटीज किंवा फायनान्शियल अॅसेट्स, आणि ब्रँडसारख्या हाताला न लागणाऱ्या गोष्टी या तिसऱ्या प्रकारात येतात, त्यामुळे सर्टिफिकेट बघताना नुसतं रजिस्टर्ड आहे एवढं बघू नका, कुठल्या प्रकारात आहे ते बघा. खरं तर आमच्यासारख्या भागीदारी फर्मला घरच्या वाटणीसाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरच लागतो असं नाही, ती सक्ती कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनांना आहे, हेही मॅडमनीच पहिल्या भेटीत सांगितलं. फी फिक्स, आकडा काहीही निघो, निम्मी आधी निम्मी रिपोर्टच्या वेळी, आणि एंगेजमेंट लेटरवर, म्हणजे काम सोपवायच्या पत्रावर, बाबा-काका दोघांच्याही सह्या. दोघंही क्लायंट. काकांचा अर्धा ताण तिथेच गेला असं मला वाटतं.

पहिल्याच बैठकीत त्यांनी ताळेबंद मागितलाच नाही, ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट मागितलं. आमचं रजिस्ट्रेशन क्लास ३० मध्ये आहे, मसाले आणि पिठं त्याच क्लासमध्ये येतात, मुंबईच्या रजिस्ट्रीतून झालेलं, मध्य प्रदेशचं काम मुंबई ऑफिसकडे असतं. मालकाच्या रकान्यात अजून आजोबांचंच नाव होतं. मॅडम म्हणाल्या की आधी हे ठरवू की आपण किंमत कुणाच्या मालकीच्या वस्तूची काढतोय, भागीदारी फर्मच्या की आजोबांच्या सगळ्या वारसांच्या, कारण वारसांची असेल तर तुमच्या आत्यासुद्धा आल्या. खोलीत एकदम शांतता. आत्याचा विचार तोवर कुणीच मांडला नव्हता. मग आत्याला फोन, तिला सगळं नीट समजावून सांगणं, तिचं हक्कसोड पत्र, रजिस्ट्रीत मालक बदलण्याचा अर्ज, ते सगळं आमच्या वकिलांनी केलं, पण ते करायला लागेल हे सांगितलं मॅडमनी. त्यांनी हे आपल्या मनाने केलेलं नाही, ब्रँडची पैशातली किंमत काढण्यासाठी आयएसओ १०६६८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून आहे आणि त्यात तीन बाजू तपासायला सांगितल्यात, कायदेशीर, गिऱ्हाइकाच्या वागण्याची आणि आर्थिक. पहिली बाजू कच्ची असेल तर पुढचं गणित कितीही देखणं असलं तरी हवेत. तुमच्याकडे सर्टिफिकेट असेल तर आत्ता काढून तारीखही बघा, रजिस्ट्रेशन दहा वर्षांचं असतं आणि रिन्यू करावं लागतं.

दुसरी बाजू तपासायला त्या आमच्या दुकानात येऊन बसल्या, आणि या कामासाठी मी त्यांना मनापासून मानते. काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल घेऊन वही उघडून बसल्या होत्या आणि गिऱ्हाईक तोंडाने काय मागतं ते शब्द न् शब्द उतरवून घेत होत्या. लोकमान्यनगरच्या एक काकू आल्या, त्यांनी नाव घेऊन गोडा मसाला मागितला आणि छोटं पाकीट संपलंय म्हटल्यावर दुसरं काही न घेता "उद्या येते" म्हणून गेल्या. एक मुलगा आला, इंदूर-पुणे गाडीने निघाला होता, त्याने पुण्याच्या मावशीसाठी भाजणी आणि मेतकूट नावानेच मागितलं, मावशीचा व्हॉट्सअॅप मेसेजच दाखवला, त्यात आमच्या पाकिटाचा फोटो. मग पोह्याच्या ठेल्यावरचा भय्या आला, त्याला पाच किलो जिरावण सुटं पाहिजे होतं, त्याने आधी भाव विचारला, सियागंजच्या होलसेल बाजारात किती चाललंय ते बाबांना ऐकवलं आणि दोन रुपयांवरून घासाघीस केली. मॅडमनी वहीत या भय्यापुढे मोठा गोल काढला. नंतर त्या सियागंजात दोन होलसेलवाल्यांकडेही जाऊन आल्या, पाकीट तेच पण नाव नवीन असेल तर किती कमी भावात घ्याल असं त्यांना विचारून आल्या.

त्या गोलाचा अर्थ रिपोर्टमध्ये कळला. आमची विक्री दोन तऱ्हेची आहे, नावाच्या पाकिटांची आणि सुट्या गोणींची. पाकीट घेणारा नावासाठी थांबतो, उद्या परत येतो, दोन पैसे जास्त देतो. गोणीवाला भाव, उधारी आणि वेळेवर माल एवढंच बघतो, तिथे नाव नसलं तरी बाबा तेवढाच माल विकतील. मग ब्रँडची किंमत काढताना गोण्यांची विक्री धरायचीच कशाला? हा मुद्दा आम्हा कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, काका आजवर अख्ख्या टर्नओव्हरवर बोलत होते आणि बाबांकडे त्याला उत्तर नव्हतं.

आता गणित. खरे आकडे देता येत नाहीत म्हणून गोल आकडे घेऊन सांगते, पद्धत तीच. तिला रिलीफ फ्रॉम रॉयल्टी म्हणतात, डोक्यावरून जाईल असं नाव आहे पण आतली कल्पना अगदी सोपी आहे. समजा हे नाव आपलं नसतं, दुसऱ्या कुणाचं असतं आणि आपण ते वापरायला घेतलं असतं, तर दरवर्षी त्याला विक्रीवर किती टक्के रॉयल्टी द्यावी लागली असती? नाव आपलं असल्यामुळे ते पैसे वाचतात, आणि पुढच्या सगळ्या वर्षांतले हे वाचलेले पैसे आजच्या किमतीत आणले की ती झाली नावाची किंमत. समजा विक्री ४ कोटी, त्यातली पाकिटांची ३ कोटी, रॉयल्टी ४ टक्के, म्हणजे १२ लाख. भागीदारी फर्मचा टॅक्स सोपा म्हणून ३० टक्के धरला तर हातात राहिले ८.४ लाख. जोखीम बघून १८ टक्क्यांचा डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर, लावला आणि विक्री दरवर्षी ५ टक्क्यांनी कायम वाढत राहील असं धरलं, तर ८.४ ला १८ वजा ५ म्हणजे १३ टक्क्यांनी भागायचं. उत्तर ६४-६५ लाख.

आता फक्त एकेक गोष्ट बदलून बघा. गोण्यांसकट अख्खे ४ कोटी धरले तर तेच नाव ८६ लाखांचं होतं. रॉयल्टी ४ ऐवजी ३ टक्के धरली तर साडेअठ्ठेचाळीस लाख. डिस्काउंट रेट १८ चा २० केला तर ५६ लाख. नाव कायम चालेल असं न धरता दहाच वर्षं चालेल असं धरलं तर साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास. दुकान तेच, मसाला तोच, आणि आकडा ४४ पासून ८६ पर्यंत फिरतोय, आणि यातलं एकही गृहीतक उघड उघड खोटं नाही! म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतेय की शेवटच्या पानावरच्या आकड्याचे पैसे देऊ नका, गृहीतकं कुठून आणली ते सांगणाऱ्या पानांचे पैसे द्या. आमच्या रिपोर्टमध्ये हे सगळं टेबल आहे, एकेका गृहीतकाने आकडा किती हलतो ते दाखवणारं, आणि आमच्या घरात समझोता झाला तो त्या टेबलमुळे. काका आणि बाबा आकड्यावर वाद घालत होते ते गृहीतकांवर बोलायला लागले, आणि मसाल्याच्या धंद्यातल्या गृहीतकांवर बोलायला त्या दोघांएवढं जाणकार कुणीच नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला रॉयल्टीच्या टक्क्यावर, आणि जायलाच पाहिजे होता. मॅडमनी बाहेरचे दाखले समोर ठेवले. टाटा सन्स टाटा नाव वापरणाऱ्या ग्रुप कंपन्यांकडून विक्रीच्या ०.२५ टक्के घेते, आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे. दुसऱ्या टोकाला हिंदुस्तान युनिलिव्हरने इंदुलेखा तेलाचा ब्रँड घेतला तेव्हा ३३० कोटी रोख आणि वर पाच वर्षं देशातल्या विक्रीच्या १० टक्के द्यायचं ठरवलं होतं. आधी तर परदेशी कंपनीला नुसत्या नावापोटी रॉयल्टी पाठवायची तर सरकारी परवानगीशिवाय देशातल्या विक्रीच्या १ टक्क्यापर्यंतच पाठवता यायची, ती मर्यादा डिसेंबर २००९ मध्ये उठली. म्हणजे पाव टक्क्यापासून दहा टक्क्यांपर्यंत काहीही दाखवता येतं, जो तो आपल्या सोयीचा दाखला उचलणार. एक ढोबळ नियम असाही चालायचा की धंद्याच्या नफ्याचा चौथा हिस्सा रॉयल्टी धरायची, पण अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २०११ मध्ये एका पेटंटच्या खटल्यात तो नियम पुरावा म्हणून मानायला नकार दिला, त्यामुळे मॅडमनी तो फक्त पडताळ्यासाठी वापरला, आधार म्हणून नाही.

आधार मिळाला आमच्याच फाइलमध्ये. काही वर्षांपूर्वी देवासच्या एका पॅकरने बाबांना पत्र लिहिलं होतं की तुमच्या नावाने मी तिकडे जिरावणाची पाकिटं विकतो, विक्रीवर इतके टक्के देतो. बाबांनी नाही म्हटलं होतं, दर्जा कोण सांभाळणार म्हणून. पत्र मात्र बिलांच्या गठ्ठ्यात राहिलं होतं, पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर हळदीचा डाग. मॅडमनी ते वाचलं, परत वाचलं आणि म्हणाल्या की याच्यापेक्षा चांगला पुरावा मला कुठल्याही डेटाबेसमध्ये मिळणार नाही, कारण एका परक्या माणसाने, स्वतःच्या खिशातून, याच नावासाठी देऊ केलेला हा भाव आहे. त्या टक्क्यात थोडा फेरफार करून शेवटचा टक्का ठरला, आणि फेरफार का केला त्याचं कारण अर्ध्या पानावर लिहिलंय. तुमच्याकडे अशी जुनी ऑफर, फ्रँचायझी मागणारं पत्र, डीलरचा मेल काहीही असेल तर जपून ठेवा आणि व्हॅल्युअरला दाखवा.

काकांनी मध्ये एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. एवढी किंमत आहे तर आपल्या ताळेबंदात नावापुढे काहीच कसं नाही, इतकी वर्षं सीए काय करत होते? उत्तर असं की अकाउंटिंगचे नियमच तसे आहेत. आपल्याकडे एएस २६ आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस ३८, दोन्हींत लिहिलंय की स्वतः उभा केलेला ब्रँड पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवायचा नाही, कारण नाव उभं करायला किती खर्च झाला आणि एकूण धंदा उभा करायला किती, हे वेगळं काढता येत नाही. विकत घेतलेला ब्रँड मात्र दाखवता येतो. हॉर्लिक्सचा भारतातला ब्रँड हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये सुमारे ३,०४५ कोटींना घेतला, तो त्यांच्या पुस्तकात आला, आणि त्यांनी स्वतः वाढवलेले जुने ब्रँड तसे येत नाहीत. यावरून इंग्लंडमध्ये १९८८ मध्ये मोठी खळबळ झाली होती, रँक्स होविस मॅकडुगल नावाच्या ब्रेड-पिठाच्या कंपनीवर दुसऱ्या कंपनीने ताबा मिळवायचा प्रयत्न केला, तो फसल्यावर कंपनीने आपल्या ब्रँडची किंमत ६७.८ कोटी पौंड काढून सरळ ताळेबंदात लावली, म्हणजे कंपनीची पुस्तकातली कमी किंमत बघून कुणी स्वस्तात उचलायला येऊ नये. ब्रँड व्हॅल्युएशन हा स्वतंत्र धंदा म्हणून नावारूपाला आला तो त्या सुमाराला. पिठाच्या कंपनीची ही गोष्ट ऐकताना काकांचा चेहरा खुलला होता.

बाबांना मात्र बादशाह मसाल्याची बातमी डोक्यात बसली होती. डाबरने २०२२ मध्ये बादशाहचा ५१ टक्के हिस्सा ५८७.५२ कोटींना घ्यायचं जाहीर केलं, अख्ख्या धंद्याची किंमत १,१५२ कोटी धरून. २०२० मध्ये आयटीसीने कोलकात्याचं सनराइज सुमारे २,१५० कोटींना घेतलं. मग तोच हिशेब आपल्याला लावला तर काकांना द्यायला मी कुठून आणू, ही त्यांची काळजी. मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं की ती किंमत नुसत्या नावाची नाही, कारखाने, डीलरचं जाळं, माणसं, तयार बाजार सगळ्याची मिळून आहे, आणि घेणाऱ्याला आपल्या गाड्यांतून तो माल देशभर पोचवता येणार म्हणून त्याला ती परवडते. रामबागेतल्या एका काउंटरला तो गुणाकार लावणं चूक आहे. म्हणून त्यांनी बाजारातल्या सौद्यांची पद्धत नुसती नोंदवली, वापरली नाही. खर्चाची पद्धत, म्हणजे हे नाव आज शून्यापासून उभं करायला किती लागेल, ती पण एका परिच्छेदात संपवली, कारण आजोबांच्या काळातल्या खर्चाची बिलं कुणाकडे आहेत.

ब्रँडच्या किमतींच्या ज्या मोठ्या मोठ्या याद्या काही कंपन्या काढतात त्या बघून कुणी घाबरू नये किंवा हुरळून जाऊ नये यासाठी एक उदाहरण देते, हे मी नंतर स्वतः वाचलं. २०२३ मध्ये अॅपल या एकाच ब्रँडची किंमत ब्रँड फायनान्सने सुमारे २९७ अब्ज डॉलर सांगितली, इंटरब्रँडने ५०२ अब्ज आणि कांतारने ८८० अब्ज. एकाच वर्षी, एकाच नावाची. कुणी रॉयल्टीच्या पद्धतीने जातं, कुणी नफ्यात ब्रँडचा वाटा किती ते काढतं, कुणी लोकांचे सर्व्हे त्यात जोरात धरतं. जगातल्या एवढ्या मोठ्या ब्रँडबद्दल जाणकारांचं एवढं जुळत नाही तर आमच्या भाजणीबद्दल एकच खरा आकडा असेल ही अपेक्षाच काढून टाकली पाहिजे.

आणि आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होतं ते किंगफिशर एअरलाइन्सच्या बाबतीत सगळ्या देशाने बघितलं. ब्रँडची किंमत हजारो कोटी धरून बँकांनी तो तारण घेतला, विमानं बंद पडली, आणि एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ट्रेडमार्क लिलावाला काढले तेव्हा ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीला एकही बोली आली नाही. चालू धंद्याला चिकटलेल्या नावाची किंमत वेगळी आणि बंद धंद्याच्या नावाची वेगळी. आमच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहिलंय की हे मूल्यांकन चालू धंदा धरून, भागीदाराच्या निवृत्तीसाठी केलंय आणि बँकेच्या कर्जासाठी वापरू नये. बाबांनी सहज विचारलं होतं की हाच रिपोर्ट पुढे लोन काढायला चालेल का, तर मॅडमनी स्पष्ट नाही सांगितलं, त्यासाठी वेगळं काम करावं लागेल म्हणाल्या. फी मिळत असूनही नाही म्हणणारा माणूस मिळाला की त्याला धरून ठेवावं.

आता एक स्टार कापला त्याबद्दल. रिपोर्ट कबूल केलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा आला, आणि तो आमच्या दिवाळीच्या फराळाच्या घाईत आला, जेव्हा भाजणी आणि चिवडा मसाल्याची सगळ्यात जास्त मागणी असते, बाबांना डोकं वर काढायला वेळ नसतो. फोन केला की ऑफिसमधली मुलं "बस हो गया" म्हणायची आणि पुढे काहीच नाही. उशीर होतो, समजू शकते, पण खरी तारीख सांगा. दुसरं, रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, जड भाषेत. काकांना इंग्रजी वाचता येतं पण त्यांना एकेक पान कळायला मला शेजारी बसावं लागलं, आणि मी पडले बाबांची मुलगी, म्हणजे एका पार्टीची. इंदूरमध्ये घरच्या धंद्यांचं काम करताय तर दोन-चार पानांचा हिंदी किंवा मराठी सारांश द्यायलाच पाहिजे, हे मी त्यांना लेखी कळवलंय आणि पुढच्यांना देऊ असं त्या म्हणाल्यात. तिसरं, टॅक्सबद्दल रिपोर्टमध्ये एकच ओळ, "आपल्या कर सल्लागाराशी बोला". त्यांचं ते काम नाही हे खरं, पण स्वतः उभ्या केलेल्या ब्रँडची खरेदी किंमत आयकर कायद्यात शून्य धरतात, म्हणजे तो विकला तर मिळालेली सगळी रक्कम नफाच समजली जाऊ शकते, एवढं तरी पहिल्या बैठकीत सांगितलं असतं तर आमच्या सीएंना आधीच बसवलं असतं. पार्टनर निवृत्त होण्याचे नियम आणखी वेगळे आहेत, त्यामुळे तुम्ही व्हॅल्युअर आणि सीए दोघांना एकाच टेबलावर आणा, एकामागून एक नको.

शेवटी ठरलं ते असं. नाव बाबांकडे राहणार. रिपोर्टच्या आकड्याचा निम्मा वाटा काकांना एकरकमी द्यायचा तर दुकान गहाण टाकावं लागलं असतं, ते काकांनाच नको होतं. मग इंदुलेखाच्या सौद्यासारखं करायचं काकांनीच सुचवलं, काही रक्कम आत्ता आणि बाकीची पाच वर्षं फक्त पाकिटांच्या विक्रीवर ठरलेल्या टक्क्याने, गोण्या सोडून. विक्री वाढली तर काकांना जास्त, बाबांनी मसाला बिघडवला तर दोघांनाही कमी. त्यात आत्याने एक अट घातली आणि ती करारात जशीच्या तशी आली, की अण्णांचं नाव तिच्या आणि काकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेरच्या कुणाला विकायचं किंवा वापरायला द्यायचं नाही. या अटीने नावाची बाजारातली किंमत कमी होते हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं, आणि तरीही तिघांनी ती ठेवली.

ज्यांना जायचंय त्यांनी जाताना ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट, निदान तीन वर्षांचे ताळेबंद, पाकीट आणि सुट्या मालाची वेगवेगळी विक्री, आणि जाहिरातीचा खर्च नेला तर वेळ वाचेल. सुट्या-पाकिटांची फोड आमच्याकडे तयार नव्हती, बिलबुकातून काढण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या. आणि दिवाळीच्या तोंडावर काम देऊ नका, श्रावणाच्या आधी उरकून घ्या.